दुसरी नळी

भाऊ,

तू गेल्यावर तुझ्या जलदानाच्या विधीला अमडापूरच्या विहारात मला बोलायला उभं केलं, आणि मी बोलले नाही. माझ्या आधी पाच-सहा जण बोलून गेले होते. सुखदेव मिस्त्रीसारखा पाण्याची मोटार भरणारा पंचक्रोशीत झाला नाही म्हणाले, एकदा हात लावला की मोटार चार वर्षं तक्रार करायची नाही म्हणाले. आणि प्रत्येकानं शेवटी तेच सांगितलं की डॉक्टरनं मारला. सगळा विहार माना डोलवत होता. मी माइक हातात घेतला, "भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता" एवढं म्हणाले, आणि तोंडाला पदर लावून खाली बसले. रडू खरंच आलं होतं, पण खाली बसायचं कारण ते नव्हतं.

उद्या मिलिंद जानेफळला माझ्याकडे येतोय. तुझ्या लेकानं तक्रारीचा अर्ज तयार केलाय. काल फोनवर वाचून दाखवला. "रुग्णास व नातेवाइकांस कोणतीही कल्पना न देता डॉक्टरांनी शरीरात नळी ठेवली" असं त्यात लिहिलंय, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी आहे. ऑपरेशनच्या वेळी तुझ्यासोबत मी एकटीच होते, शिवाय तीस वर्षं आरोग्य खात्यात नर्स. मिलिंद म्हणाला, "आत्या, तू सांगतलं तं कोनी खोटं म्हननार नाई." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तो यायच्या आत तुझ्याशी बोलून घ्यायचं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

तू संशयी होतास. गेलास म्हणून आता गोड बोलणार नाही. किराणा दुकानात गेलास की आधी वजनकाटा उचलून त्याच्या खाली बघायचास. एसटीत कंडक्टरनं गावाचं नाव नीट ऐकलं की नाही, म्हणून तिकीट खिडकीकडे धरून वाचायचास. वहिनीनं वरणात हिंग जास्त घातला तरी "आज काय टाकलं वं?" अशी चौकशी. मी नोकरीला लागले त्या वर्षी तुला तापाची गोळी दिली, तर म्हणालास, "आधी तू खाय." मी धडधाकट बाई, अर्धी गोळी चावून खाल्ली, पाणी प्याले, तोंड उघडून दाखवलं, तेव्हा कुठं उरलेली अर्धी तू घेतलीस. त्यानंतर मात्र कधी विचारलं नाहीस. जगात एक माणूस तू तपासून घेतलास आणि पास केलास. पुढं कुणी काही सांगितलं की तुझं ठरलेलं असायचं, "मालू म्हनते का? मंग झालं."

धंद्यातही तू स्वतःला सूट दिली नाहीस, हे मात्र खरं. मोटार खोललीस की जळालेली तार, घासलेला बुश, फुटलेलं बेरिंग, सगळं पोत्यावर ओळीनं मांडायचास आणि मालकाला हाक मारायचास. "पाहून घ्या, मंग मागून म्हनू नका." मालक कंटाळायचे, त्यांना फक्त पाणी चालू व्हायला हवं असायचं. तू त्यांना वाकून बघायला लावायचासच.

कमरेचं दुखणं तू वर्षभर लपवलंस. लघवीत रक्त दिसलं तेव्हा वहिनीनं मला फोन केला. सोनोग्राफीत डाव्या किडनीत केवढा तरी खडा निघाला, फांद्या फुटलेला, किडनीच्या आत जागा मिळेल तिकडे वाढलेला. औषधानं विरघळणारा तो नव्हता. मी म्हटलं ऑपरेशन, आणि तू गेलास एका बाबाकडे. काचेची नळी कमरेला लावून तोंडानं खडा ओढून काढणारा बाबा. मी तणतणत तुझ्या मागे आले, कारण तुला एकट्याला सोडायची सोय नव्हती.

तिथं काय झालं ते आठवलं की अजून हसू येतं. तुझ्या आधीच्या तिघांच्या कमरेतून त्यानं ओढून ओढून खडे काढले आणि ताटलीत टण्णकन टाकले. लोक हात जोडत होते. तुझी पाळी आली, तू शर्ट वर केलास आणि म्हणालास, "बाबा, आधी चूळ भरा."

"काऊन?"

"चूळ भरा, तोंड उघडून दाखवा, मंग लावा नळी."

बाबा असा खवळला की आपल्याला चपला हातात घेऊन निघावं लागलं. एसटीत तू खुशीत होतास. मला वाटलं, आता काम झालं, आता हा ऑपरेशनला तयार होईल. तेवढ्यात तू म्हणालास, "याचा खडा तोंडात व्हता. तुह्या डॉक्टरचा कुठं असते, ते पाहा लागन."

देऊळगाव राजावरून आपण जालन्याला गेलो. डॉक्टर तरुण होता, पण घाईत नव्हता. कागदावर किडनी काढून दाखवली. पाठीत करंगळीएवढं भोक, त्यातून दुर्बीण, खडा आतल्या आत फोडायचा, तुकडे त्याच वाटेनं बाहेर काढायचे. पोट चिरायचं नाही, टाक्यांची रांग नाही. तू ऐकून घेतलंस आणि बाहेर येऊन मला म्हणालास, "एवढा खडा एवढ्याशा भोकातून निंगन कसा? मले येडा समजते का हा?"

मी तुझंच उदाहरण तुला दिलं. बोअरमध्ये मोटार अडकली तर तू काय करतोस? वावर खोदतोस का? वरूनच, त्याच भोकातून, गळ टाकून काढतोस ना? तू मान डोलावलीस. मला वाटलं मी जिंकले. मग तू म्हणालास, "काढतो. पन कधी कधी अर्धं आतच राह्यते, मालू. पाइपाचा तुकडा राह्यते, दोर राह्यते. मिस्त्री मालकाले सांगत नाई. वरून झाकन लावते अन् चालला जाते. म्या पाह्यलेत असे मिस्त्री."

आता जे सांगणार आहे ते विहारात सांगायला हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू तपासणीसाठी रक्त द्यायला खाली गेला होतास. डॉक्टरनं मला आत बोलावलं. त्यानं मला दोन नळ्यांबद्दल सांगितलं. एक पाठीतून बाहेर येणारी, ती दोन-तीन दिवसांनी निघेल. दुसरी आतली, बारीक, किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत, बाहेरून न दिसणारी. ती सहा आठवडे ठेवायची आणि मग आठवणीनं काढायची, लघवीच्या वाटेनं, दुर्बिणीनंच, चिरफाड न करता. "विसरायचं नाही हं, सिस्टर. राहिली तर तिच्यावरच खडे चढतात." मला सिस्टर म्हणाला, कारण मी आल्या आल्या नर्स असल्याचं तोऱ्यात सांगितलं होतं. हे समजलं, अशी कागदावर मी सही केली. फोनसाठी नंबर माझा दिला.

तू वर आलास. बाकावर बसलास. पिशवी पायाशी होती आणि पिशवीचे बंद तुझ्या मुठीत होते. तू विचारलंस, "मालू, खरं सांग. आत काई ठेवत तं नाईत ना हे?"

मी म्हटलं, "नाई भाऊ. आत काईच राहत नाई. पाठीत एक नळी असते, दोन दिवसानं काढतात. संपलं."

तू मूठ सोडलीस. "मालू म्हनते ना? मंग झालं."

का केलं मी असं? तीस वर्षं लेकरांना सुया टोचल्या. प्रत्येक लेकराला सांगितलं, काही नाही, मुंगी चावली. बाईला सांगितलं, अजिबात दुखत नाही. आमच्या कामात तसं बोलावंच लागतं, काम झालं की माणूस विसरून जातो. मला वाटलं, आधी तू टेबलावर जा, खडा निघू दे, नळीचं मग निवांत सांगू. मी तुला त्या लेकरांच्या रांगेत बसवलं. तू तसा नव्हतास, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ऑपरेशन चांगलं झालं, भाऊ. हे लिहून ठेवते, कारण आता कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तू उठून बसलास. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं छोट्या बाटलीत खड्याचे तुकडे आणून दिले आणि तू ते सगळे पेपरवर ओतलेस. नुसते ओतले नाहीस. एक्स-रेची फिल्म मागून घेतलीस, पलंगावर पसरलीस, आणि खड्याच्या पांढऱ्या आकारावर एकेक तुकडा जुळवत बसलास. इथली फांदी इथं, हा मधला. शेजारच्या पलंगावरचे पेशंट उठून बघायला आले. डॉक्टर राउंडला आला तेव्हा तू म्हणालास, "डाक्टरसाहेब, थोडं कमी भरून राह्यलं." तो बिचारा हसला आणि भुगा पाण्यासोबत धुऊन जातो म्हणाला. तू मान हलवलीस, पण तो वळल्यावर मला डोळा मारलास. पाठीतली नळी काढताना तू नर्सकडून आरसा मागून घेतलास आणि नळी बाहेर येताना मान वळवून पाहिलीस. "निंगाली," म्हणालास. तुझ्या हिशोबानं काम तिथं पूर्ण झालं. डोळ्यांनी पाहिलं होतंस ना.

नंतरचे दिवस किती छान होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शर्ट वर करून ती खूण दाखवायचास. "एवढ्याशातून काढला, पाहा." वहिनी लाजून आत जायची. त्या महिन्याभरात तुझा कुणावर संशय नव्हता. मला वाटायचं माणूस बदलला. आणि मला नळीचं सांगायचं होतं, आणि मी आज नको, उद्या सांगू, असं करत राहिले.

सहा आठवडे होत आले तेव्हा तू जानेफळला आला होतास. माझ्या परसातल्या बोअरचं पाणी कमी झालं होतं. मी बोलावलंही नव्हतं. चेन-कप्पी लावून मोटार वर घेतलीस, खोललीस आणि पोत्यावर मांडत बसलास. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. मी चुलीपाशी होते. "पेशंटला घेऊन या, आतली नळी काढायची आहे." मी हो हो म्हणून बाहेर आले आणि तुला सांगितलं, "भाऊ, एकदा जालन्याले जाऊन येऊ. नळी काढायची राहिली."

"नळी? नळी तं काढली. म्या पाह्यली नाई का?"

"ती पाठीतली. आत एक बारीक अजून आहे."

तू हातातला पाना खाली ठेवलास. "आत? तू तं म्हनली व्हती आत काई राहत नाई."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी खोटं बोलले, भाऊ, तू पळून जाशील म्हणून. एवढंच. तू चिडला असतास, आठ दिवस अबोला धरला असतास, आणि मग कदाचित आला असतास. पण तू माझ्याकडे असा बघत होतास, की त्या नजरेतून उतरायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "मले तरी कुठं माहीत व्हतं? मलेही नाई सांगतलं त्यानं. आता फोनवर सांगून राह्यले."

आणि तू रागावला नाहीस. तू खूश झालास! मांडीवर थाप मारलीस. "पाह्य! म्या म्हटलं व्हतं का नाई? अर्धं आत ठेवून झाकन लावलं! सगळे मिस्त्री सारखेच." इतकी वर्षं सगळ्यांवर संशय घेतलास, आणि बहुतेक वेळा तुझंच चुकलेलं निघायचं. शेवटी एकदा तुझं बरोबर निघालं, ते मी निघू दिलं.

त्यानंतर तू जालन्याला पाय टाकला नाहीस. मी दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं. "आता कोनाच्याच हाती नाई देत. एक काढन अन् दुसरी टाकन." मी धोका सांगितला. "मुतायले साफ होते. दुखत नाई. असन तं असू दे, नाई तं नसन बी, फोनवरच तं म्हनून राह्यला तो." दवाखान्यातून आणखी दोनदा फोन आले. पहिल्यांदा मी म्हटलं आणते. दुसऱ्यांदा उचलला नाही. हळूहळू मी विषय काढणंच कमी केलं. दरवेळी तो विषय निघाला की तू डॉक्टरला शिव्या द्यायचास आणि माझी बाजू घ्यायचास, "माह्या बहिनीलेही फसवलं, नर्सले!" मला ते ऐकवत नव्हतं. म्हणून मी बोलायची नाही. मला नर्स म्हणून ठाऊक होतं की आत काय होत असेल, आणि बहीण म्हणून मी तोंड बंद ठेवलं. दीड वर्षं.

गावात ही गोष्ट तूच पसरवलीस. विहारात जे सगळे एकसुरात बोलले ते तुझ्याकडून ऐकलेलं होतं, आणि तू माझ्याकडून.

मग हुडहुडी भरून ताप आला. बुलढाण्याला नेलं तेव्हा तुझा हात भाजत होता. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. बारीक पांढरी रेघ, दोन्ही टोकांना वळलेली, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत खडे चढलेले. "ही कधीची? काढायला सांगितलं नव्हतं का कुणी?" बाईंनी विचारलं. वहिनी म्हणाली, "त्या डाक्टरनं सांगतलंच नाई." तू पडल्या पडल्या हात पुढं केलास. तुला फिल्म हवी होती. ती तू डोळ्यांसमोर धरलीस, किती तरी वेळ. मग खाली केलीस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"मालू," म्हणालास.

मी म्हटलं, "आता बोलू नको, आराम कर." नर्सचा आवाज काढला. तुला धाप लागली होती, आणि थोड्या वेळानं तुला आत नेलं. रक्तात जंतू पसरले होते. पुन्हा तुझ्याशी बोलणं झालं नाही.

काय म्हणणार होतास? तेव्हापासून मी दुसरा कसलाच विचार करत नाही. "मालू, पाह्य, खरंच व्हती," एवढंच म्हणायचं होतं? की तुला कळलं होतं? डॉक्टर पेशंटसोबतच्या नर्सला सांगत नाही, असं कधी होतं का, हा प्रश्न तुझ्यासारख्या माणसाला दीड वर्षांत एकदाही पडला नसेल? काट्याखाली बघणारा तू, इथंच बघितलं नसशील? कधी वाटतं, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तू मला सांभाळून घेत होतास. कधी वाटतं, ही मी माझी सोय करून घेतेय. तू जिवंत असताना मी तुझ्या संशयाला हसले. आता तोच माझ्यात येऊन बसलाय, आणि तो सगळा माझ्यावरच आहे.

इथवर काल लिहिलं होतं.

मिलिंद सकाळी आला. जयभीम केला, पाया पडला. तुझ्यासारखाच खुर्ची हलवून बघून मग बसला. अर्ज टाइप केलेला होता, माझं नाव छापलेलं, सहीची जागा कोरी. मी म्हटलं, चहा घे आधी. त्यानं घेतला. मग मी त्याला सगळं सांगितलं. बाकावरचं आणि परसातलं, दोन्ही. न उचललेला फोनही. मध्ये एकदाही रडले नाही, कारण रडले असते तर तो मला समजवायला लागला असता, आणि मला ते नको होतं.

तो उठून नळाकडे गेला. तोंड धुतलं. बराच वेळ पाणी वाहत होतं. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"बाबाले मालूम व्हतं?"

"माहीत नाही, बेटा."

"आई तं रोज त्या डाक्टरले शाप देऊन राह्यली, आत्या."

"तिलाही मीच सांगते. संध्याकाळच्या गाडीनं येते तुझ्यासोबत."

त्यानं अर्ज उचलला. मला वाटलं फाडतो. मी त्याचा हात धरला. म्हटलं, फाडू नको, दुरुस्त कर. ज्या माणसानं चांगलं काम केलं त्याच्या नावावर हे राहता कामा नये, आणि गावात पसरलेलं नुसतं गप्प बसून विझत नाही. हा कागद विहारात सगळ्यांसमोर वाचायचा, तू नाही वाचलास तर मी वाचेन.  त्यानं खिशातून पेन काढलं आणि डॉक्टरच्या नावावर काट मारली.

"मंग इथं कोनाचं टाकू?"

"माझं टाक."

"आत्या..."

"आत्या नको लिहू. पूर्ण नाव लिही."

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम जानेफळ, निवृत्त नर्स. मग मी म्हटलं, आता लिही, मयताची सख्खी बहीण. त्याचं पेन तिथं थांबलं ते पुढं जाईना. मी ते त्याच्या हातातून घेतलं, आणि तेवढे शब्द, भाऊ, माझ्या हातानं लिहिले.